पाण्याचा रुपया

घाटंजीहून परत येऊन दीड महिना झाला. आमच्या साताऱ्यातल्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात एक रिवाज आहे. कुणी प्रवासाहून आला की टेबलावर निळं मखमली कापड अंथरायचं, आणलेली नाणी त्यावर मांडायची आणि बाकीच्यांनी खिशातून भिंगं काढायची. या खेपेला मी "काही हाती लागलं नाही" एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं इथे लिहितो आहे, कारण मंडळींच्या तोंडाकडे बघत ते सांगायची माझी छाती नाही.

मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. आयुष्यभर पोरांकडून नकाशे भरून घेतले आणि घरी माझा स्वतःचा नकाशा नाण्यांनी भरत बसलो. व्हेनिसची पातळ सोन्याची मोहर माझ्याकडे आहे, जिच्यावरून आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळा निघाल्या ती. मेक्सिकोच्या टाकसाळीत पाडलेला स्पेनचा जाडजूड डॉलर आहे, इराणचं, तुर्कस्तानचं चांदीचं नाणं आहे. नाणं नेहमी कडेने धरायचं, चेहऱ्याला बोट लावायचं नाही आणि काही झालं तरी धुवायचं नाही, हे आमचे सोवळ्याओवळ्याचे नियम. नाण्यावर वर्षानुवर्षांनी जी काळसर छटा चढते ती घासून काढणारा माणूस आमच्या लेखी महापापी. माझी बायको निर्मला म्हणते, नाण्याला जेवढं अलगद धरता तेवढं घरातली कपबशी धराल तर बरं होईल.

या खेपेच्या वर्षभर आधी यवतमाळला एका स्नेह्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. दोन दिवस मोकळे मिळाले म्हणून घाटंजीचा आठवडी बाजार बघायला गेलो. बाजारात सोनारांकडे मोडीला आलेली जुनी चांदी असते आणि तिच्यात कधीमधी घबाड सापडतं, ही माझी जुनी खोड. तिथल्या एका सोनाराने मला सांगितलं, की खरा जुना रुपया बघायचा असेल तर हमीदभाईंकडे जा, पण तो विकाऊ नाही. विकाऊ नाही म्हटल्यावर माझे कान टवकारले.

हमीदभाई मोटर वाइंडिंगचं काम करतात. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटरी त्यांच्या दुकानात ओळीने पडलेल्या असतात. दुकानामागे घर. त्यांच्या अम्मांनी फडताळातून एक कापडी पुरचुंडी काढली आणि माझ्या हातावर मुघल काळातला चांदीचा रुपया ठेवला. मधोमध चौकोनात कलमा, चारही बाजूंना खलिफांची नावं, मागे बादशहाचं नाव आणि टाकसाळ बुऱ्हाणपूर. कोपरे झिजले होते, पण अक्षर वळणदार, ठसठशीत.

त्या रुपयाला गल्लीत 'पाण्याचा रुपया' म्हणतात. गल्लीतल्या कुठल्याही घरात बाई अडली, लेकरू दचकून उठायला लागलं, की त्या घरची बाई येऊन तो मागते. अम्मा तो तिच्या हातावर ठेवतात. ती घरी नेऊन तांब्यातल्या पाण्यात बुडवते आणि ते पाणी पाजते. घर हिंदूचं की मुसलमानाचं हे कुणी विचारत नाही. काम झालं की रुपया परत येतो, पण रिकामा येत नाही. सोबत ओंजळभर ज्वारी येते. अम्मांच्या सासूच्या सासूपासून हे असं चालत आलेलं. आमच्या साताऱ्यात लक्ष्मीपूजनाचे रुपये वर्षातून एकदा चिंचेने घासतात आणि कुलपात टाकतात. चांदी उंबऱ्याबाहेर पडली तर ती मोडायलाच. इथे मात्र चांदी एकटी फिरून घरी येत होती, हे ऐकून मला नवल वाटायला हवं होतं. मला वाटली ती धास्ती. दर बाळंतपणाला या रुपयाची अक्षरं थोडी थोडी जात होती.

म्हणून मी व्याख्यान दिलं. हा रुपया म्हणजे देशाचा ठेवा आहे, याला पाणी लावू नका, कापड लावू नका, कुणाच्या हाती देऊ नका. बॅगेत एक प्लास्टिकचं पाकीट होतं, त्यात घालून दिला. बत्तीस वर्षं वर्गावर वापरलेला आवाज मी त्या दिवशी वापरला. हमीदभाई मान डोलवत ऐकत होते. त्यांची मुलगी माझ्यासारख्याच एका शिक्षकाच्या हाताखाली शिकून नर्स झालेली, त्यामुळे 'सर' या शब्दाला त्या घरात मोठा मान.

त्याच संध्याकाळी यवतमाळच्या लॉजवर मी डायरीत काय लिहिलं ते जसंच्या तसं देतो: "कलमा रुपया, बुऱ्हाणपूर, घाटंजी. म्हातारी आहे तोवर देणार नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा जाणे. तोवर झिजू नये अशी व्यवस्था केली."

यवतमाळ ते घाटंजी

या डिसेंबरात निघालो तेव्हा बॅगेत दोन गोष्टी मुद्दाम घेतल्या. एक कंदी पेढ्यांचा खोका. दुसरं, ऑस्ट्रियाच्या एका राणीचं चांदीचं नाणं. हे नाणं हातात घेतलं की कुणीही दिपतो. तळहात भरेल एवढं मोठं, एका बाजूला राणीचा भरदार चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड. आमच्यातल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की ही राणी गेल्यावरही तेच साल घालून हे नाणं पुन्हा पुन्हा पाडत राहिले, त्यामुळे ते पैशाला पासरी मिळतं. न जाणणाऱ्याला मात्र घाटंजीच्या रुपयापेक्षा ते दुप्पट मोलाचं वाटेल. माझा बेत अदलाबदलीचा होता. अदलाबदल म्हणजे फसवणूक नव्हे, अशी मी पुण्यापासून यवतमाळपर्यंत स्वतःची समजूत घालत आलो.

यवतमाळला उतरल्यावर तर्रीपोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू. इथे हरभऱ्याची लाल तर्री ओततात, आणि आपण नको म्हणेपर्यंत ओततात. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, तिसऱ्या घासाला आणखी मागितली. तिथून घाटंजीच्या एसटीत खिडकी मिळाली. रस्त्याच्या दुतर्फा कपाशी फुटलेली, मध्ये तुरीचे तास, म्हणजे ओळी, शेंगांनी वाकलेल्या, आणि चढ लागला की सागाचं विरळ रान. कापसाने भरलेली एक गाडी पुढे चालली होती आणि तिच्यातून उडालेले पुंजके बाभळीच्या काट्यांना अडकून राहिले होते. शेजारच्या आजोबांनी मी कुठला, कुणाकडे चाललो, जेवलो का, हे सगळं पहिल्या दोन मैलांत काढून घेतलं. हमीदभाईंचं नाव सांगितल्यावर म्हणाले, त्यांच्या हातची मोटर दहा वर्षं बिघडत नाही.

हमीदभाई स्टँडवर घ्यायला आले होते. बॅग हातातून ओढूनच घेतली. घरी अम्मा खाटेवर बसल्या होत्या, वर्षभरात आणखी वाळलेल्या, पण नजर पक्की. पेढे दिले. त्यांनी एक तोंडात टाकून डोळे मिटले आणि मला बसायला जागा करून दिली. जेवायला सोलेभात होता. सोले म्हणजे तुरीचे कोवळे हिरवे दाणे. सोबत भाकरी, मटणाचा झणझणीत रस्सा आणि भाजलेल्या हिरव्या मिरच्यांचा ठेचा. आमच्याकडे तूर कळते ती वरणात. ती अशी हिरवीगार ताटात येते हे भूगोलाच्या मास्तराला ठाऊक नव्हतं.

जेवण झाल्यावर हमीदभाईंनी न विचारता लोखंडी कपाट उघडलं. पत्र्याचा डबा, त्यात कापूस, कापसात माझं पाकीट. डबा माझ्यासमोर दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "सर, तुमी सांगतलं तसंच ठेवलं. एक बोट लागू देल्लं नाई कोणाचं."

मी शाबासकी दिली. खरंच दिली, "वा, हमीदभाई" असं म्हणून. पाकीट बोटांना जरा चिकट लागलं, पण विजेच्या पिवळ्या उजेडात नीट दिसेना. उद्या उन्हात बघू, म्हटलं. राणीचं नाणं खिशात होतं. तेही उद्या काढू असं ठरवलं.

पाटात पडलो त्याची गोष्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदभाईंना गावाबाहेरच्या एका विहिरीवर मोटर बसवायची होती. मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसलो. ते विहिरीत उतरले आणि मी धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, फिरायला निघालो. पांढरी पँट घालून ओल्या काळ्या मातीच्या शेतात फिरायची बुद्धी मला कुणी दिली कोण जाणे. शेजारच्या शेतात हरभऱ्याला पाणी सोडलं होतं. पाट ओलांडायला गेलो तो पाय सरकून थेट पाटात बसलो.

कापूस वेचणाऱ्या बायांत हसण्याची लाट उठली. त्यांतली पन्नाशीची एक बाई पुढे आली आणि मला हात देऊन उठवलं. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस, डोक्याला रुमाल. शेत तिचंच होतं. धुऱ्यावर बसवून तिने प्यायला पाणी दिलं, पदरातून मूठभर तुरीच्या शेंगा दिल्या आणि पँटचा चिखल वाळू द्या, मग आपोआप झडतो, असा सल्ला दिला. मी शेंगा सोलत विचारलं, की पलीकडे हमीदभाई मोटर बसवताहेत, तुमची मोटर पण तेच बघतात का? तिचं तोंड बदललं. म्हणाली, आता पांढरकवड्याहून माणूस बोलावते. मग माझ्याकडे निरखून बघत तिने विचारलं, "तुमीच का थे साताऱ्याचे सर?"

मी होय म्हणालो, आणि जरा फुशारकीनेच म्हणालो. घाटंजीच्या शेतात आपलं नाव पोचलेलं आहे याचा मला आनंद झाला होता.

ही सिंधूबाई. हमीदभाईंच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. ती कापूस वेचत बोलत होती आणि मी तिच्यामागे तासातून चालत होतो. तिचा नवरा जन्मला तेव्हा त्या रुपयाचं पाणी पाजलं होतं, आणि तिच्या मुलाच्या वेळी अम्मा स्वतः तांब्या घेऊन तिच्या उशाशी बसल्या होत्या. जून महिन्यात तिची सून अडली. दवाखान्यात नेण्यासाठी गाडी बोलावली आणि गाडी येईपर्यंत ही धावत शेजारी गेली. हमीदभाई दारात आले आणि म्हणाले, सरांनी मना केलं आहे. अम्मा आतून काहीतरी म्हणत होत्या, पण त्यांनी ऐकलं नाही. सून यवतमाळला नेली, पोट फाडून बाळ काढलं. दोघंही खुशाल आहेत, आता नातू बसायला लागला. पण त्या दिवसापासून दोन घरांत जाणंयेणं नाही. सणाची पोळी जात नाही, ईदचा शिरखुर्मा येत नाही.

मला काहीतरी सावरून बोलायचं होतं. मी म्हणालो, की तुम्ही योग्य केलंत, अशा वेळी दवाखानाच खरा. तेव्हा तिचा हात पहिल्यांदा थांबला.

"पाण्यानं बाळ होत नाई हे मलेबी समजते, सर," ती म्हणाली. "पण ज्या घरचं पाणी पिऊन माहा लेक जन्मला, थे घर दारातून वापस पाठोते, हे कसं समजावं? असं काहून केलं त्यानं?"

मी हातातली शेंग सोलत राहिलो. माझ्या मनाईमागे खरं काय होतं ते त्या शेतात मला एकट्यालाच ठाऊक होतं. थोड्या वेळाने हमीदभाई विहिरीतून वर आले. सिंधूबाई धुऱ्यावर आमच्यापासून दहा पावलांवर होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मोटर सुरू झाली, पाण्याची धार पडली, तरी हमीदभाई नेहमीसारखे खूश झाले नाहीत. परत येताना मोटारसायकलवर मी त्यांना म्हणालो, की शेजारणीशी बिनसल्याचं तुम्ही मला सांगितलं नाहीत. ते म्हणाले, पाहुण्याला कशाला सांगायचं, तुम्ही तर चांगल्यासाठीच सांगितलं होतं. माझे कान तापले. चिखल वाळून पँटवरून खरंच झडत होता.

उन्हात उघडलेला डबा

दुपारी अंगणात उन्हात डबा उघडला. रुपयाला प्लास्टिक चिकटून बसलं होतं. हळूहळू सोडवलं तर कलम्याच्या चौकोनावर हिरवट, चिकट बुरा. अशी स्वस्तातली मऊ पाकिटं उष्णतेने पाझरतात आणि नाण्याला लागतात, हे आमच्या छंदात पहिल्या वर्षीच शिकतात. यवतमाळचा मे महिना, लोखंडी कपाट, पत्र्याचा डबा. उष्णतेचे पट्टे फळ्यावर काढून दाखवणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर सुचलं होतं. टणक प्लास्टिकच्या चांगल्या डब्या त्या दिवशीही माझ्या बॅगेत होत्या. त्यांतली एक दुसऱ्याच्या नाण्यासाठी खर्च करायला माझा जीव झाला नाही. एका वर्षाने काय बिघडतंय, असं म्हटलं होतं.

हमीदभाईंचा चेहरा उतरला. ते माझ्यापुढे उकिडवे बसले आणि विचारलं, "माह्याकून काही चुकलं का, सर? आमी तं हातबी नाई लावला."

इतक्या बायकांच्या ओल्या हातांतून गेलेला रुपया, त्याला काही झालं नाही. माझ्या पाकिटात वर्षभरात त्याला बुरा आला. आणि हा माणूस मला विचारत होता, की माझं काय चुकलं. मला त्या क्षणी जी लाज वाटली ती लिहून सांगता येणार नाही, एवढंच म्हणतो की मला त्यांच्याकडे बघवेना.

मी सांगितलं. आधी पाकिटाचं सांगितलं, मग डायरी काढून ती ओळ वाचून दाखवली. म्हातारी आहे तोवर देणार नाहीत, हे शब्दही गाळले नाहीत. अम्मा समोर खाटेवर बसल्या होत्या. रुपया झिजू नये असं मी म्हणालो ते देशासाठी नव्हे, तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी म्हणालो. मला तो हवा होता आणि चांगल्या स्थितीत हवा होता. मग खिशातलं राणीचं नाणं काढून फरशीवर ठेवलं आणि ते कशासाठी आणलं होतं आणि त्याची खरी लायकी काय, तेही सांगितलं.

हमीदभाई अगदी हळू म्हणाले, "म्हणजे सर, थे बाई दारातून गेली, थे तुमच्यासाठी गेली?"

मी हो म्हणालो. ते उठले आणि दुकानात निघून गेले. माझी बॅग त्यांनी बाहेर फेकली असती तर मला बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने ते परत आले तेव्हा हातात थिनरची बाटली होती. मोटरीच्या तारांना व्हार्निश लावतात, ते पातळ करायचं थिनर. बाटली माझ्यापुढे ठेवून म्हणाले, याने चिकट निघतं. कापसाचा बोळा भिजवून मी तो हिरवा बुरा टिपून टिपून काढला. निघाला, पण एका खलिफाच्या नावावर फिकट डाग राहिला तो राहिलाच.

अम्मांनी तेवढ्यात राणीचं नाणं उचललं होतं. डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि विचारलं, ही बाई कोण. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, हिला लेकरं किती? मी म्हणालो, सोळा. अम्मा मनापासून हसल्या, दात नसलेलं हसू. म्हणाल्या, मग हिचंही पाणी चालेल. मला हसावं की रडावं कळेना. त्यांनी नाणं माझ्या हातात परत दिलं आणि पितळी तांब्या जवळ ओढला. रुपया माझ्याकडून घेतला, आख्ख्या मुठीत घेतला, पाण्यात तीनदा बुडवला आणि अंगठ्याने चोळून धुतला. वर्षभर अडवून ठेवलेला तो अंगठा कलम्यावरून फिरत होता आणि मी बघत होतो.

"बेटा," त्या म्हणाल्या, "हमीद नाई जाणार. त्याले लाज वाटते. तुमीच घेऊन जा तिच्या घरी. डबी नको. हातात न्या."

भिंतीपलीकडे

दोन घरांच्या दारांत वीस पावलं असतील. मी ओला रुपया मुठीत धरून चाललो. आयुष्यात पहिल्यांदा मी नाणं कडेने न धरता असं धरलं होतं, आणि मूठ घामेजली होती. सिंधूबाई शेतातून नुकती आली होती. सून पायरीवर बसून नातवाला पेज भरवत होती.

मी तिथेच उभ्याने सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. हमीदभाईंचा दोष नाही, माझा आहे, असं म्हणून मूठ उघडली. तिने रुपयाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिची सून घास हातात धरून थांबली होती.

"लागत होता तवा नाई आला," सिंधूबाई म्हणाली.

मी मान खाली घातली. तिने माझ्या तळहातावरून रुपया उचलला, पदराला पुसला आणि आत गेली. परत बाहेर आली तेव्हा तिचे हात रिकामे होते. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही, चुलीकडे वळली. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि निघालो.

इकडे अम्मांनी विचारलं, घेतला का? मी घेतला म्हणालो. हमीदभाईंनी फक्त माझ्या हाताकडे बघितलं. रात्रीचं जेवण नेहमीसारखंच आग्रहाने झालं आणि त्या आग्रहाने मी आणखी खचलो. सकाळपर्यंत भिंतीपलीकडून कुणी आलं नाही. मी निघालो तेव्हाही रुपया तिकडेच होता. ती तो परत करणार की नाही, हे कुणाला माहीत नव्हतं. माझ्यामुळे त्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रुपया गेला असेल, असं मला वाटत राहिलं. स्टँडवर बॅग वर चढवताना मी तसं बोलून दाखवलं.

हमीदभाई म्हणाले, "येईल, सर. नाई आला तरी गल्लीतच हाय." मग त्यांनी माझा हात हातात घेतला, पण पुढच्या वर्षी या, असं या खेपेला म्हणाले नाहीत.

येताना मी पुन्हा यवतमाळला थांबलो नाही. घरी आल्यावर निर्मलाने विचारलं, काय आणलंत. मी राणीचं नाणं तिच्यासमोर ठेवलं. हे तर नेलं होतं, ती म्हणाली. तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती चिडली नाही. तिने डायरी मागून घेतली, ती ओळ वाचली आणि डायरी मिटून माझ्या टेबलावर ठेवली. ती अजून तिथेच आहे, मला खणात टाकवत नाही.

मागच्या आठवड्यात फोन वाजला. हमीदभाईंचा निरोप, शब्द एकही नाही, फक्त फोटो. अम्मांची पितळी ताटली, तिच्यात काहीतरी आणि मधोमध तो रुपया, ओला, उन्हात चमकणारा. फोटो जरा हललेला होता. मी चष्मा चढवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. चौकोनातली अक्षरं किती शिल्लक आहेत, तो डाग वाढला आहे की काय, टाकसाळीची बाजू वर आहे की खाली, हे सगळं मी आधी बघितलं.

ज्वारी मला नंतर दिसली.